विश्लेषण : ‘फ्लेक्स’ करणे म्हणजे नेमके काय? मिरवण्याचे बिल कोण भरतो?

नव्या फोनचा किंवा विमानाच्या बोर्डिंग पासचा फोटो टाकला, की खाली कोणीतरी लिहितेच, ‘काय फ्लेक्स करतोस भावा!’ इन्स्टाग्रामवर वावरणाऱ्या मुलांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्यांच्या आई-बाबांना मात्र फ्लेक्स म्हटले की चौकातला वाढदिवसाचा फलक आठवतो. गंमत म्हणजे दोघांचेही बरोबर आहे.

शब्द आला कुठून?

वाकवणे या अर्थाच्या ‘फ्लेक्टेरे’ या लॅटिन क्रियापदातून इंग्रजीत ‘फ्लेक्स’ आला. वाकणारे, गुंडाळता येणारे प्लास्टिकचे कापड म्हणून आपला चौकातला फलकही ‘फ्लेक्स’च. हात दुमडून दंड फुगवणे यालाही इंग्रजीत फ्लेक्स करणे म्हणतात. आपल्याकडे पोरे दंडाची बेटकुळी काढून दाखवतात, तेच. ‘बघ माझी ताकद’ हा त्यातला भाव पुढे पैसा, कपडे, गाडी आणि ओळखी यांनाही लागू झाला.

हा अर्थ रुळला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या बोलीत आणि तिथून रॅप संगीतात. आइस क्यूब या रॅपरच्या १९९३ मध्ये गाजलेल्या ‘इट वॉज अ गुड डे’ या गाण्यात हा शब्द आहे. २०१४ मध्ये रे श्रेमर्ड या भावांच्या जोडीचे ‘नो फ्लेक्स झोन’ लोकप्रिय झाले आणि तो आणखी दूरवर पोहोचला.

अर्थ किती?

निदान तीन. पहिला, आपल्याकडे आहे ते मिरवणे. दुसरा, नसलेले असल्याचा आव आणणे. तिसरा, दुसऱ्याला खिजवण्यासाठी, कमी लेखण्यासाठी मिरवणे. २०१८ च्या सुमारास ‘वियर्ड फ्लेक्स, बट ओके’ हा टोमणाही समाजमाध्यमांवर पसरला. ‘मिरवायला हेच सापडले का? बरं, असू दे,’ असा त्याचा सूर.

मराठीत बढाई, फुशारकी, टेंभा मिरवणे, भाव खाणे, शायनिंग मारणे असे कितीतरी शब्द आहेत. ‘मिरवणे’ मात्र नेहमीच वाईट नसते. नवरी शालू मिरवते, गाव पालखी मिरवते आणि त्यात सगळ्यांचा आनंद असतो. फ्लेक्स करणारा बहुधा एकटा असतो. त्याला सोबती नको, बघणारे हवे असतात.

मिरवणारा उथळच असतो का?

असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने १८९९ मध्येच सांगितले होते, की नुसती संपत्ती असून मान मिळत नाही, ती दिसावी लागते. २००९ मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील खर्चाच्या आकडेवारीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सारख्याच उत्पन्नाच्या गोऱ्या कुटुंबांपेक्षा कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कुटुंबे कपडे, दागिने, गाड्या यांवर जास्त खर्च करतात, असे त्यात आढळले. पण त्यांनी बोट ठेवले ते स्वभावावर नाही, परिस्थितीवर. आपल्या समूहाचे सरासरी उत्पन्न कमी असेल, तर ‘मी गरीब नाही’ हे दाखवण्याची गरज जास्त भासते. गरीब राज्यांतल्या गोऱ्यांमध्येही हाच कल दिसला.

थोडक्यात, ज्याची श्रीमंती सगळ्यांना ठाऊक आहे तो झिजलेल्या चपलांत फिरला तरी लोक त्याला ‘साधा माणूस’ म्हणतात. ज्याला जग आधीच गरीब धरून चालते, त्याला मात्र चांगला बूट घालूनच दारातून आत जावे लागते. म्हणून त्याच्या बुटाला हसण्याआधी, त्याला तो दाखवावासा का वाटला, हे पाहायला हवे.

मग खटकते कुठे?

बिल दुसऱ्याच्या नावावर फाटते तिथे. स्वतःच्या कमाईचे घड्याळ मिरवणाऱ्याशी कोणाला काही देणेघेणे नसावे. पण हप्त्यावरचा फोन मुलाच्या हातात आणि हप्ता वडिलांच्या पगारातून, हा फ्लेक्स घराला महागात पडतो.

चौकातल्या फ्लेक्सचेही तसेच. ‘भावी नगरसेवक’ म्हणून झळकावे असे एखाद्या कार्यकर्त्याला वाटणे समजू शकते. पण त्यासाठी पदपथ अडतो, सिग्नल झाकला जातो, झाडांना खिळे ठोकले जातात. मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे. बेकायदा फलकांवरून उच्च न्यायालयाने महापालिकांना वेळोवेळी फटकारलेही आहे. तरी फलक उतरत नाहीत, कारण तिथे मिरवतो एक आणि किंमत मोजते सगळे गाव.

त्यामुळे मोबाइलवर असो की चौकात, ‘हा फ्लेक्स करतोय’ म्हणून नाक मुरडण्यापेक्षा ‘हा फ्लेक्स कोणाच्या खर्चाने?’ एवढे विचारावे. उत्तर ‘स्वतःच्या’ असेल, तर खुशाल लाइक द्यावा. नसेल, तर घरात मुलाशी बोलावे आणि चौकातल्या फलकासाठी महापालिकेकडे तक्रार करावी.