सत्तेत रायलं त कामं होतात?

काल ज्याला शिव्या दिल्या, त्याच्याच दारात नेता आज गळ्यात दुपट्टा घालून उभा राहतो. ठरलेलं उत्तर तयार असतं : मतदारसंघाच्या विकासासाठी गेलो. आमच्या भिवापुरात टपरीवरही हेच ऐकू येतं, "सत्तेत रायलं त कामं होतात, भाऊ." मला हे पटत नाही.

आमच्या उमरेड मतदारसंघाचंच घ्या. २०१९ मध्ये राजू पारवे काँग्रेसच्या तिकिटावर भाजपच्या सुधीर पारवेंना पाडून आमदार झाले. मार्च २०२४ मध्ये आमदारकी सोडून ते शिंदेंच्या शिवसेनेत गेले, रामटेक लोकसभेला उभे राहिले आणि पडले. इकडे नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत उमरेडला आमदारच नव्हता. मग विकासाचा अर्ज द्यायचा कोणाच्या हाती?

नागभीडची छोटी गाडी रूळ रुंद करायचे म्हणून २०१९ च्या नोव्हेंबरात बंद झाली. २०२४ ची दोन्ही मतदानं आटोपली, तरी भिवापूरच्या ठेसनावर गाडी आली नव्हती. रूळ बदलायला वर्षं लागतात, नेत्याला एक रात्र पुरते.

खरं कारण साधं आहे. तिकीट, निधी आणि खुर्ची जिकडे, तिकडे पाय वळतात. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा आहे. पण आधीच राजीनामा दिला, की नव्या पक्षाचं तिकीट घ्यायला तो आडवा येत नाही. आणि दिलेल्या शिव्यांची किंमत नेत्याला मोजावी लागत नाही. ती गावातला कार्यकर्ता मोजतो. आमच्या गल्लीत झेंड्यापायी दोन चुलतभावांचं बोलणं तुटलं. पुढे त्यांचे नेते एका मंचावर बसले. हे दोघं अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

लोक विसरतात म्हणावं, तर २०२४ मध्ये उमरेडनं पुन्हा काँग्रेसचाच आमदार दिला, संजय मेश्राम. पण सावनेरनं त्याच वेळी आशिष देशमुखांना निवडलं. ते काटोलचे भाजपचे आमदार, मग काँग्रेसचे, मग पुन्हा भाजपचे. म्हणजे दोष एकट्या नेत्याचा नाही.

आमच्या सातऱ्यावरच्या बाया मिरचीचं पोतं कोणाचं, ते पाहत नाहीत. लाल वेगळी, पांढरी पडलेली वेगळी. मत मागायला येणाऱ्यालाही तसंच निवडावं. दुपट्टा कोणत्या रंगाचा, ते राहू द्या. एवढंच विचारा : "आमच्या मतावर निवडून आले, मंग जातानी आमाले काहून नाई विचारलं?"