गोफणीला जागा लागते

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्याच्या इंझोरीत किंवा आसपासच्या कुठल्याही गावात गोफणीला कुणी शस्त्र म्हणत नाही. ती राखणीची वस्तू. ज्वारी हुरड्यात आली की मचाणावर उभे राहून पाखरे हाकायला ती लागते. दोन दोऱ्या, मधे विणलेला पट्टा, त्यात नाल्यातला गुळगुळीत गोटा. एक दोरी बोटात अडकवायची, दुसरी चिमटीत धरायची, डोक्यावरून फिरवायची आणि नेमक्या क्षणी चिमटी सोडायची. सोयाबीन आणि तूर वाढली, ज्वारी कमी झाली, तशी राखण गेली आणि गोफण आढ्याला टांगली गेली. आता याच गावातल्या पोराला गोफण, कट्यार, वाघनख भेटण्याची जास्त शक्यता आहे ती कल्पित जगातल्या गेममध्ये. त्या जगात आपण एखादे पात्र होतो, राक्षसांशी लढतो आणि लढायला शस्त्र निवडतो. त्या निवडीत मराठी मुलखातली शस्त्रे असावीत असे अनेक खेळाडूंना वाटते, मलाही वाटते. पण माझी एक अट आहे. शस्त्राचे नाव आणि चित्र आले म्हणजे शस्त्र आले असे नाही. प्रत्येक खऱ्या शस्त्राला स्वतःची एक अडचण असते. ती अडचण खेळात उतरली, तरच ते शस्त्र उतरले.

या खेळांचा उगम पाहिला तर शस्त्राशस्त्रांतला फरक कसा दाखवायचा हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, फासे आणि कल्पना यांवर चालणारा अमेरिकन खेळ 1974 साली आला. त्याच्या मूळ नियमांत सगळ्या शस्त्रांची इजा एकाच सहा बाजूंच्या फाशाने ठरे. सुरा घ्या की मोठी तलवार घ्या, आघात तेवढाच. पुढच्याच वर्षी पुरवणी निघाली आणि प्रत्येक शस्त्राला वेगळा फासा मिळाला. खेळाडूंना शस्त्राशस्त्रांत फरक हवा होता, आणि ती मागणी रास्त होती. मात्र तो फरक दाखवायला जो मार्ग निवडला गेला, तो आकड्याचा होता. पुढे संगणकावरच्या आणि मोबाइलवरच्या खेळांनी तोच मार्ग उचलला. आज बहुतेक खेळाडू शस्त्राकडे पाहतो ते त्याचा ‘डॅमेज’ किती एवढ्यासाठी. मोठा आकडा मिळाला की आधीचे शस्त्र विकून टाकायचे. अशा बाजारात दांडपट्टा आला काय आणि न आला काय, तो फक्त एका आकड्याचे वेगळे चित्र होऊन राहतो.

आकडा कसा फसवतो याचा चांगला पुरावा गोफणच देते. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या 2014 च्या पाचव्या आवृत्तीत गोफणीला चार बाजूंचा फासा आहे आणि लहान धनुष्याला सहा बाजूंचा. गोफण म्हणजे गरिबाचे, नाइलाजाचे हत्यार, असा त्याचा अर्थ होतो. इतिहास वेगळे सांगतो. इसवी सनापूर्वी 401 मध्ये इराणी मुलखातून परतणाऱ्या ग्रीक सैन्यासोबत असलेला झेनोफन लिहितो की, ऱ्होड्स बेटाचे गोफणवाले शिशाच्या गोळ्या वापरत, आणि मुठीएवढे दगड फेकणाऱ्या इराणी गोफणींच्या दुप्पट पल्ला गाठत. कार्थेज आणि रोम ही एकमेकांची वैरी राज्ये, पण बॅलेरिक बेटांवरचे गोफणवाले दोघांनीही पदरी ठेवले. मग गोफणीची खरी उणीव कोणती? तिला फिरायला जागा लागते. भुयारात, दाट झाडीत, खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या रांगेत ती निकामी आहे. तिचा नेम बसायला वर्षे लागतात. उलट तिचा दारूगोळा कधी संपत नाही, कारण तो पायाखालीच पडलेला असतो. एवढ्या तीन गोष्टी खेळात घातल्या की खेळाडूला विचार करावा लागतो. उघड्या माळावर तो राजा आहे आणि गुहेच्या तोंडाशी तो अगतिक आहे. हा विचार चार किंवा सहा बाजूंच्या फाशात सापडत नाही.

दांडपट्ट्याचे उदाहरण याहून ठळक आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने त्याला राज्यशस्त्राचा मान दिला. चार फुटांच्या आसपासचे लवचीक, दुधारी पाते आणि हाताला कोपरापर्यंत झाकणारा लोखंडी खोबळा अशी त्याची रचना. खोबळ्यामुळे हात सुरक्षित राहतो, पण मनगट जखडले जाते. तलवारबाज मनगटाच्या झटक्याने वार वळवतो. पट्टेकऱ्याला ते शक्य नाही. म्हणून त्याचा वार खांद्यातून येतो आणि त्यासोबत सगळे अंग फिरते. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात पट्टेकऱ्याच्या गिरक्या आणि उड्या दिसतात, त्या शोभेसाठी नाहीत. जखडलेल्या मनगटाने शरीराला तसे शिकवले आहे. भोवती अनेक शत्रू असतील तर हे पाते एकट्याला वर्तुळभर जागा मिळवून देते. पण त्या हाताने दार उघडता येत नाही, दोर पकडता येत नाही, पडणाऱ्या सोबत्याला सावरता येत नाही. आणि जवळ उभा असलेला सोबतीही त्या वर्तुळात येतो. कल्पित खेळात पट्टेकरी पात्र घडवायचे असेल, तर ‘याचा एक हात लढाई संपेपर्यंत मोकळा होत नाही’ हा एकच नियम पुरेसा आहे. त्या एका नियमातून त्या पात्राचा स्वभाव तयार होईल.

विटा हे भाल्याच्या जातीचे मराठी शस्त्र घ्या. त्याच्या मागच्या टोकाला दोरी असते आणि दोरीचे दुसरे टोक फेकणाऱ्याच्या मनगटाला. फेकलेला भाला परत ओढून घेता येतो, म्हणजे फेकल्यावर निःशस्त्र होण्याची भीती गेली. पण त्याचा पल्ला दोरीएवढाच उरला, आणि भाला शत्रूच्या ढालीत रुतला तर फेकणारा आपल्याच दोरीने बांधला गेला. माडूचेही तसेच. काळविटाची दोन शिंगे विरुद्ध दिशांना तोंडे करून जोडायची, मधे मूठ आणि मुठीवर लहानशी ढाल. ढाल हाच त्याचा मुख्य धर्म; जवळ आलेल्याला टोचणे हे दुय्यम. वाशीम जिल्ह्याला माडूचे अप्रूप वाटायला हवे, कारण कारंजा-सोहोळचे अभयारण्य खास काळविटांसाठी राखलेले आहे. आज त्या शिंगाला हात लावणे हा गुन्हा आहे आणि तो तसाच असला पाहिजे. पण खेळाच्या जगात माडू आणताना त्याच्यासोबत काळविटाचा माळही आणता येतो: हे शस्त्र लोहाराच्या दुकानात मिळत नाही, ते ज्या प्राण्याकडून येते त्याचा कळप किती उरला आहे, हा प्रश्न खेळाडूसमोर उभा राहतो.

वाघनखावर गेममध्ये सर्वाधिक अन्याय झाला आहे. पंजाला धारदार नखे लावून उघडपणे लढणारी पात्रे कितीतरी खेळांत आहेत. वाघनखाचे सगळे बळ मात्र न दिसण्यात आहे. मूठ मिटली की बोटांतल्या कड्या अंगठ्यांसारख्या वाटतात, नखे तळव्यात दडतात. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी ते शिवाजी महाराजांच्या उपयोगी पडले ते भेटीच्या मिठीत, समोरासमोरच्या द्वंद्वात नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जुलै 2024 मध्ये साताऱ्यात आणि नंतर नागपुरात जी वाघनखे प्रदर्शनासाठी आली, ती शिवाजी महाराजांनी वापरलेलीच आहेत का याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतःच सांगते. माझ्या मुद्द्याला त्याने बाधा येत नाही. ती कुणाचीही असोत, त्यांची रचना सांगते की हे एकदाच चालणारे शस्त्र आहे. दिसले की ते संपले. खेळात ते शंभर वेळा चालवू देणे म्हणजे त्याचा अर्थच पुसणे.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, कल्पित जगात ड्रॅगन उडतो, मंत्राने आग लागते. तिथे मनगट वळते की नाही याची काळजी कशाला? उत्तर असे की, अशक्य गोष्ट पटायला तिच्या शेजारी एक ओळखीची, वजनदार गोष्ट लागते. हातातला भाला खरा वाटला तर समोरचा राक्षस खरा वाटतो. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: इतके नियम घातले तर खेळ राहतो कुठे? याला आधारही आहे. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या 1978 च्या नियमपुस्तकात प्रत्येक शस्त्राचा प्रत्येक चिलखतावर काय परिणाम होतो याचे कोष्टकच दिले होते, आणि पुष्कळ खेळाडूंनी ते बाजूला ठेवले. पण ते कोष्टकही आकड्यांचेच होते. मी आकडे वाढवायला सांगत नाही. गोफणीला जागा लागते, पट्ट्याचा हात अडकतो, विट्याची दोरी तोकडी आहे, वाघनख एकदाच चालते: हे चार नियम चार वाक्यांत संपतात आणि दहा वर्षांच्या मुलालाही लक्षात राहतात.

तिसरा आक्षेप आपल्या जवळच्यांचा असेल. ही पूर्वजांची शस्त्रे, काहींची तर आपण दसऱ्याला पूजा करतो. ती खेळण्यात आणून त्यांचा मान घालवू नये. ही भावना मी हलकी मानत नाही. पण या शस्त्रांचा जन्मच निरनिराळ्या हातांच्या मेळातून झाला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक रघूजी यांची तलवार महाराष्ट्र शासनाने 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून परत मिळवली. तिचे सरळ पाते युरोपात घडलेले आहे आणि त्यावर देवनागरीत सोन्याने नाव कोरलेले आहे. परदेशी पाते घेऊन त्याला आपली मूठ बसवायची, या प्रकाराला आपण ‘फिरंग’ म्हणतो. नावातच त्याचा उगम उघड ठेवला आहे. काही शस्त्रे तर अडचणीतूनच जन्मली: नाशिकजवळच्या रामशेज गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा गडावरच्यांनी लाकडाच्या केल्या, असे मोगलांच्या बाजूचा खाफीखान लिहितो. ज्यांनी अडचणीतून शस्त्र घडवले, त्यांचा मान ती अडचण समजून घेण्यात आहे. हिंसेला उत्तेजन मिळेल ही भीतीही इथेच उतरते: आकड्यांचा खेळ सतत मारायला सांगतो, अडचणींचा खेळ आधी थांबून पाहायला लावतो.

हे आपल्याकडे होऊ शकते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ हा गेम काढला, त्यातली मुलगी त्रिशूळ आणि धनुष्य घेऊन लढते आणि तो जगभर खेळला गेला. म्हणजे कारागीर आहेत. त्यांनी पुढचे पाऊल टाकावे असे मला मनापासून वाटते, आणि त्याचे कारण खेळापुरते नाही. संग्रहालय शस्त्राचे लोखंड जपते. आखाडा त्याची हालचाल जपतो. पण शस्त्र हाती असलेल्या माणसाला जो निर्णय घ्यावा लागे, आता फेकू की जवळ येऊ देऊ, हात गुंतवू की मोकळा ठेवू, तो काचेच्या पेटीत ठेवता येत नाही. तो दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला लावला, तरच टिकतो, आणि निर्णय घ्यायला लावणे हेच तर खेळाचे काम आहे. इंझोरीतल्या पोराने गेममध्ये गोफण उचलली, आणि दगड शोधण्याआधी हात फिरेल एवढी जागा भोवती आहे का हे पाहिले, तर मचाणावरच्या त्याच्या आज्याला जे ठाऊक होते त्यातले थोडे त्याच्यापर्यंत पोचले असे मी समजेन.