नात्याला नाव : समलिंगी विवाहाच्या वैधतेचा प्रश्न

समलिंगी विवाहाला मान्यता मिळावी, या मागणीसाठी दाखल झालेल्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी निर्णय दिला. जानेवारी २०२५ मध्ये त्यावरील पुनर्विलोकन याचिकाही फेटाळल्या गेल्या. विवाह हा मूलभूत अधिकार नाही, याविषयी पाचही न्यायाधीशांचे एकमत होते. समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर दर्जा देण्याबाबत मात्र तीन विरुद्ध दोन अशी मतविभागणी झाली. तथापि अशा दोन व्यक्तींनी एकत्र राहण्याचा हक्क कोणत्याही न्यायाधीशाने नाकारला नाही. नाते मान्य, परंतु त्याला कायद्यात नाव नाही, अशी ही विलक्षण अवस्था होय. विवाहाविषयीचा कायदा करणे हे संसदेचे कार्य आहे, असे न्यायालयाने म्हटल्यामुळे या प्रश्नाचा निकाल यापुढे मुख्यतः लोकमतावर अवलंबून राहील. म्हणूनच या मागणीवरील आक्षेपांची तपासणी करणे अगत्याचे ठरते.

नात्याला नाव नसणे म्हणजे काय, याचे सूक्ष्म चित्रण मराठीत सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) या कादंबरीत आढळते. घरात राहावयास आलेल्या एकाच तरुणावर बहीण आणि भाऊ दोघांचेही प्रेम जडते आणि तो दोघांनाही सोडून जातो. बहिणीच्या दुःखाची घर दखल घेते. त्याबद्दल रागावते, लाजते, काळजी करते. भावाच्या दुःखाला मात्र घराच्या भाषेत शब्दच नाही. दुःख तेच, व्यक्तीही तीच; भेद आहे तो केवळ नावाचा.

हाच भेद व्यवहारात अधिक कठोर रूप धारण करतो. वीस वर्षे एकत्र संसार केलेल्या दोघांपैकी एकाने मृत्युपत्र न करता प्राण सोडला, तर दुसरा कायद्याने त्याचा वारस ठरत नाही. त्याला कुटुंब निवृत्तिवेतनही मिळत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा जोडप्यांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व जोडीदाराला नॉमिनी नेमण्यास आडकाठी नसल्याचे स्पष्ट केले. ही सवलत स्वागतार्ह आहे. पण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. खात्यातील रक्कम त्याच्या हाती आली, तरी तिच्यावरील मालकी कायदेशीर वारसांचीच राहते.

पहिला आक्षेप असा की, विवाह म्हणजे स्त्री-पुरुषांचा संस्कार. हा अर्थ सनातन असून तो बदलता येत नाही. मराठी समाजाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या आक्षेपाला पुरेसे उत्तर देतो. १८५६ च्या कायद्याने विधवाविवाह वैध झाला, तेव्हा असा विवाह हा विवाहच नव्हे, असे शास्त्राधाराने सांगितले गेले. १८७३ मध्ये सत्यशोधक समाजाने पुरोहिताविना लग्ने लावण्यास आरंभ केला, तेव्हाही तीच भाषा योजली गेली आणि वाद न्यायालयापर्यंत पोहोचला. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने बहुपत्नीकत्व संपविले व घटस्फोटाला वाट दिली. प्रत्येक वेळी शब्द तोच राहिला आणि अर्थ बदलला. हे अपवाद नसून विवाहसंस्थेच्या जिवंतपणाचे लक्षण आहे.

दुसरा आक्षेप, ही मागणी पाश्चात्त्य व शहरी उच्चभ्रूंची आहे, असा. केंद्र सरकारनेही न्यायालयात असाच युक्तिवाद केला होता. परंतु १९८७ मध्ये मध्य प्रदेशात परस्परांशी विवाह करून नोकरी गमावणाऱ्या दोन महिला पोलीस शिपाई उच्चभ्रू नव्हत्या. ‘समाजस्वास्थ्य’मधील वाचकांच्या प्रश्नोत्तरांवरून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्या प्रश्नांत समलिंगी संबंधांचाही विषय होता. आणि १९३४ मध्ये न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. हे प्रश्न मराठी वाचकांनी मराठीतच विचारलेले होते. परकीय म्हणावयाचेच असेल, तर ते समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या, १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ ला म्हणावे लागेल. प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांपुरते ते रद्द होण्यास ६ सप्टेंबर २०१८ उजाडावे लागले.

तिसरा आक्षेप संततीचा. प्रजोत्पादन हा विवाहाचा हेतू मानला, तर वृद्धांचे विवाह निरर्थक ठरतील. प्रत्यक्षात केवळ वंध्यत्वामुळे कोणताही विवाह कायद्याने रद्द होत नाही. दत्तकाच्या बाबतीत तर हा आक्षेप मुलाच्याच हिताविरुद्ध जातो. प्रचलित नियमांनुसार एकट्या व्यक्तीला दत्तक घेता येते, अविवाहित जोडप्याला संयुक्तपणे नाही. परिणामी दोघांनी वाढविलेल्या मुलाचा कायदेशीर पालक एकच असतो आणि तो दगावल्यास दुसऱ्याशी असलेले त्या मुलाचे नाते कायद्याच्या लेखी शून्य होते.

चौथा आक्षेप अधिक गंभीर आहे : समाज अद्याप तयार नाही, कायद्याने घाई करू नये. ‘आधी समाज की आधी कायदा’ हा वाद मराठी विचारविश्वाला नवा नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी आगरकरांनी कायद्याची बाजू घेतली. टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला. आज प्रश्न लोकनियुक्त संसदेने करावयाच्या कायद्याचा असल्यामुळे टिळकांच्या त्या आक्षेपालाही येथे आधार उरत नाही. तैवानमध्ये २०१७ मध्ये घटनात्मक न्यायालयाने विधिमंडळाला दोन वर्षांची मुदत दिली आणि २०१९ मध्ये कायदा झाला. थायलंडमध्ये संसदेने केलेला कायदा जानेवारी २०२५ पासून अमलात आला. आशियाई समाजांना हे अशक्य आहे, असे आता म्हणता येणार नाही.

याउलट काही पुरोगामी अभ्यासक विचारतात, की मुळात विषमतेवर उभ्या असलेल्या विवाहसंस्थेत शिरण्याचा आग्रह कशासाठी? या प्रश्नात तथ्य आहे. परंतु विवाह नाकारण्याला अर्थ प्राप्त होतो तो विवाह करण्याची मुभा असणाऱ्यालाच. शिवाय ज्या नात्यात पती-पत्नी अशा ठरीव भूमिका नाहीत, त्या नात्याचा प्रवेश या संस्थेतील विषमतेला पोषक ठरण्यापेक्षा मारक ठरण्याचीच शक्यता अधिक.

मागणी तशी मर्यादित आहे. तिच्यामुळे कोणत्याही धर्माला आपला विधी बदलावा लागत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याच्या चौथ्या कलमाचा आरंभ ‘कोणत्याही दोन व्यक्तींमध्ये’ विवाह होऊ शकतो, असाच आहे. पुढे वयाची अट सांगताना मात्र पुरुष व स्त्री असा उल्लेख येतो. ही अट आणि तिच्याशी निगडित वारसाहक्कादी तरतुदी यांत संसदेने सुसंगत दुरुस्ती करावी, एवढेच अपेक्षित आहे. हे काम गुंतागुंतीचे आहे, हे मान्य. पण गुंतागुंत हे काम टाळण्याचे कारण होऊ शकत नाही.

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकातील मित्रा अखेर स्वतःचे जीवन संपविते. तिच्याविषयी मराठी समीक्षेने सहानुभूती दाखविली आहे. परंतु कलाकृतीतील व्यक्तीच्या मरणावर हळहळणे आणि तशाच हयात व्यक्तीच्या संसाराला नाव नाकारणे, या दोन गोष्टी एकाच वाचकाच्या ठायी सुखाने नांदू शकत नाहीत. साहित्याच्या अभ्यासकाने तरी ही विसंगती स्वतःपुरती मिटवावयास हवी.