आपल्या जिल्ह्यातली राजधानी

जोडून सुट्टी आली की बोईसर-तारापूरची जोडपी लोकल पकडून मुंबई गाठतात. गेटवे, मरीन ड्राइव्ह, एखादा सिनेमा, रात्री बाहेर जेवण आणि दुसऱ्या दिवशी गर्दीतून परत. त्यात वावगं काहीच नाही. पाळ्यांमध्ये राबणाऱ्या माणसाने चार घटका मजेत घालवाव्यात, बायकोला घेऊन राजधानी पाहावी, हा त्याचा हक्कच आहे. पण आपल्याच जिल्ह्यात एक राजधानी आहे, आणि ती पाहिलेली माणसं इथे फार थोडी भेटतात, याची खंत वाटते. ही राजधानी म्हणजे जव्हार.

जव्हारचं नाव आपल्या कानावर पडतं ते बहुधा कुपोषणाच्या बातमीत. तो प्रश्न खरा आहे आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण जव्हार तेवढंच नाही. महादेव कोळी समाजातल्या जयबा मुकणे यांनी उभं केलेलं हे संस्थान. त्यांचे पुत्र नेमशाह यांना १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाने राजा म्हणून मान्यता दिली. तिथपासून १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत, सहाशे वर्षं, इथे एकाच घराण्याचं राज्य होतं. एका आदिवासी घराण्याने इतका काळ राखलेलं राज्य ही महाराष्ट्राच्या इतिहासातली मोठी गोष्ट आहे. आपली मुलं ती शाळेत वाचत नाहीत. निदान आईबापांनी तरी त्यांना तिथे नेऊन दाखवावी.

रस्ता सरळ आहे. महामार्गावर मनोरला यायचं, तिथून विक्रमगडवरून घाट चढायचा. जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंटवरून दिसणारी खोल दरी आणि सनसेट पॉइंटची संध्याकाळ, एवढ्यात पहिला दिवस भरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी शिरपामाळ. सुरतेच्या पहिल्या स्वारीला निघालेले शिवाजी महाराज या माळावर उतरले होते आणि जव्हारच्या राजांनी इथे त्यांचा सन्मान केला, असं जव्हारकर अभिमानाने सांगतात. पुढे दाभोसा. लेंढी नदी इथे कड्यावरून थेट खाली झेपावते; आषाढ-श्रावणात तिचा आवाज लांबूनच ऐकू येतो.

आणि जेवण? नागलीची गरम भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी. पहिल्या पावसात गेलात तर शेवळाची भाजी. शेवळं घशाला खाजतात, म्हणून ती काकडाच्या आंबट फळांबरोबरच शिजवतात. पाटीतल्या जुड्यांशेजारी काकडं ठेवलेलीच असतात आणि विकणारी बाई न विचारता प्रमाणही सांगते. ही चव मुंबईतल्या हॉटेलात मिळायची नाही. तरीही जव्हारला जाणाऱ्या अनेक गाड्या वाटेवरच्या ढाब्यावर जेवतात, धबधब्यापाशी फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत घाट उतरतात. गावात खर्च होतो तो फार तर चहाचा.

माझं म्हणणं आहे ते इथेच. दिवाळी सरली, भात घरात आला की जव्हार-मोखाड्याची कुटुंबं कामासाठी खाली उतरतात. कोणी भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, कोणी बांधकामांवर. त्यात अनेक नवरा-बायको जोडीनेच निघतात, तान्ही पोरं कडेवर घेऊन. आपण राहतो त्या इमारतींच्या विटा त्यांच्या हातच्या आहेत. पोटासाठी ते आपल्या दारी येतात; विरंगुळ्यासाठी का होईना, आपण त्यांच्या गावी जावं. तिथे एक रात्र राहावं, बचत गटाच्या बायकांच्या हातचं जेवावं, वारली चित्र घ्यायचं तर काढणाऱ्याच्या हातूनच, घासाघीस न करता घ्यावं. तारपा ऐकायचा तर वाळवंड्यासारख्या गावात, त्यांच्या सवडीने आणि योग्य बिदागी देऊन. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, ताडाचं पान आणि मेण यांतून हे वाद्य घडतं. याच वाळवंड्याच्या भिकल्या धिंडा यांच्या तारप्याला संगीत नाटक अकादमीने पुरस्कार देऊन गौरवलं आहे. अशा कलेला फुकट नाचवून मोबाइलवर चित्रित करणं शोभत नाही.

प्रशासनानेही आपला वाटा उचलला पाहिजे. जुलै २०२० मध्ये जव्हारजवळच्या काळमांडवी धबधब्यात पाच तरुण बुडाले. अशा प्रत्येक जागी कठडा, खोलीची ठळक सूचना आणि पावसाळ्यात गावातल्याच पोहणाऱ्या मुलांना पगारी जीवरक्षक म्हणून नेमणं एवढं तरी व्हायलाच हवं. दर पावसाळ्यात बंदीचा आदेश काढून जबाबदारी संपत नाही; त्याने गावाचा हंगाम तेवढा बुडतो. बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं, घरगुती मुक्कामाची सोय देणाऱ्या कुटुंबांना परवाने आणि प्रशिक्षण, आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी नेऊन दुसऱ्या संध्याकाळी परत आणणारी एसटी, यांतलं काहीही जिल्ह्याच्या आवाक्याबाहेरचं नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा मुख्यालय जव्हारला व्हावं अशी तिथल्या लोकांची मागणी होती. ते पालघरला झालं. कचेऱ्यांबरोबर येणारा राबता आणि रोजगार खाली किनाऱ्याकडेच राहिला. त्यातला थोडा तरी आपल्याला वर नेता येईल, आणि त्यासाठी कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहायला नको. दोन दिवसांची सुट्टी आणि तिथेच मुक्काम करण्याचा निश्चय पुरे आहे.