गुणांवर जिंकला, तर काय झालं?

नातू जिउ-जित्सू शिकतो. परवा ४-२ असा गुणांवर जिंकून आला, तर मी पटकन म्हणालो, "म्हणजे चितपट नाही?" पोरगं हिरमुसलं. चूक माझीच. छातीवर बसल्याचे ४ गुण मिळतात, पण ३ सेकंद पकड टिकवली तरच!

आमच्या बावधनपासून जवळच, कोथरूडला, जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला ४ गुण दिले. सिकंदर शेख हरला, आणि गुण बरोबर की चूक यावर सगळे भांडत बसले. (परीक्षक म्हणून अर्ध्या गुणासाठी मीही बोलणी खाल्लीत.) माझं मत, टिकवण्याची अट कुस्तीतही हवी, लांब बसलेल्यालाही डाव दिसेल.

ती पकड संध्याकाळी माझ्यावर दाखव म्हटलंय. गुडघे सांभाळून!