स्वतः बांधलं म्हणजे वेगवान झालं?

कोल्हापुरात भौतिकशास्त्राच्या संशोधनाला लागलेल्या मुलांना सीनियरकडून हमखास ऐकायला मिळतं: उबंटूची तयार पॅकेजं घेऊ नकोस, गणिताची लायब्ररी आपल्या मशीनवर स्वतः कंपाइल कर, तरच वेग मिळेल. मग एररशी झटापट सुरू होते आणि तिलाच संशोधन म्हटलं जातं.

हा सल्ला एके काळी खरा होता. 1000 बाय 1000 चे दोन मॅट्रिक्स गुणायचे तर सुमारे 200 कोटी क्रिया लागतात. आकडे मात्र उत्तरासकट 30 लाखच. म्हणजे तोच आकडा पुन्हा पुन्हा लागणार. तो प्रोसेसरजवळच्या कॅश मेमरीत आहे तोवर त्याचं काम उरकून घ्यावं, नाहीतर प्रोसेसर रॅमची वाट बघत बसतो. टेनेसी विद्यापीठातली अॅटलस लायब्ररी बिल्ड होतानाच त्या मशीनवर मोजमाप घेऊन, कॅशमध्ये मावतील अशा मॅट्रिक्सच्या तुकड्यांचे आकार ठरवायची. परक्या मशीनवर बांधलेली अॅटलस आपल्याकडे मंद चालली, तर नवल नव्हतं.

पण 2011 मध्ये गोटोब्लास या लायब्ररीवरून ओपनब्लास निघाली आणि सल्ल्याचा पायाच गेला. तिच्या तयार पॅकेजात अनेक प्रोसेसरांसाठीचा कोड असतो. प्रोग्रॅम सुरू होताना ती प्रोसेसर ओळखून योग्य तो उचलते.

उलट स्वतः बांधण्यातच फसगत होते. क्वांटम एस्प्रेसो या पदार्थविज्ञानाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांत, बिल्डची तयारी करणाऱ्या कॉन्फिगरला बाहेरची ब्लास, म्हणजे मॅट्रिक्सच्या गणिताची लायब्ररी, सापडली नाही, तर तो सोबतची साधी प्रत जोडून मोकळा व्हायचा. बिल्ड यशस्वी, पेढे वाटून झाले, आणि गणित सगळ्यांत संथ कोडवर! प्रोग्रॅमला जोडलेल्या सामायिक लायब्रऱ्या दाखवणारी एलडीडी ही कमांड लावून पाहावं तर यादीत ब्लासचं नावच नाही.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बुश कुणाच्या लेथवर निघाला हे इंजिन विचारत नाही. माप जुळलं की बसतो. ब्लासची मापं, म्हणजे फंक्शनांची नावं आणि रूपं, 1979 ते 1990 च्या दरम्यान ठरून गेली आहेत. प्रोग्रॅम सामायिक ब्लासशी जोडा. मग अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज या कमांडने ओपनब्लासच्या जागी इंटेलची एमकेएल बसवा, पुन्हा कंपाइल करायला नको. पॅकेज बनवणाऱ्यांनीही एकाच लायब्ररीचा हट्ट सोडावा. पुण्याच्या आयसरमधल्या परम ब्रह्मसारख्या महासंगणकावर खास बिल्ड परवडतं. विभागातल्या चार पीसींसाठी ती हौसच.

‘तरी आमचं संथच,’ म्हणणाऱ्यांनी चालू प्रोसेस दाखवणारी टॉप ही कमांड उघडावी. आठ कोअर, काम वाटून घेणाऱ्या एमपीआयच्या आठ प्रोसेस, आणि प्रत्येकीत ओपनब्लासचे आठ थ्रेड: 64 थ्रेड आठ कोअरांसाठी भांडतायत. आधी थ्रेडची संख्या 1 करा, मग लायब्ररीला शिव्या द्या.