पडद्यावरील बटन आणि त्यामागील नोंद



संगणकाच्या पडद्यावर काही बटने ठळक दिसतात, तर काही फिकट. ठळक बटन दाबता येते, फिकट दाबता येत नाही. म्हणजे बटनाचे ठळक वा फिकट असणे हे एक विधानच होय : ‘हे काम आता करता येईल’, किंवा ‘आता करता येणार नाही’. हे विधान खरे असले पाहिजे, याविषयी कोणाचेही दुमत नसावे. प्रश्न इतकाच की, ते खरे राखण्याचा भार कोणावर टाकावा? माझे मत असे आहे की, तो भार प्रोग्राम लिहिणाराच्या स्मरणशक्तीवर न टाकता बटनाची अवस्था मूळ नोंदीशीच बांधून टाकावी. आणि हे तत्त्व मुलांना प्रोग्राम शिकविण्याच्या पहिल्याच वर्षी शिकवावे.

उदाहरणार्थ, शाळेच्या ग्रंथालयासाठी एखाद्या विद्यार्थ्याने प्रोग्राम लिहावयास घेतला असे समजा. त्यात ‘पुस्तक द्या’ असे एक बटन आहे. सभासद निवडला की बटन ठळक कर, अशी आज्ञा तो एके ठिकाणी लिहितो. शेवटची प्रत दिली गेली की ते फिकट कर, अशी दुसरीकडे. आणि प्रत परत आली की पुन्हा ठळक कर, अशी तिसरीकडे. पुढे ‘पुस्तक हरवले’ अशी नोंद करण्याची सोय तो वाढवितो, पण तेथे बटनाची आज्ञा लिहावयास विसरतो. मग कपाटात एकही प्रत नसता बटन मात्र ठळकच राहते.

याहून चांगला मार्ग असा. ‘सभासद निवडलेला असेल आणि शिल्लक प्रती शून्याहून अधिक असतील, तरच पुस्तक देता येईल’, हा नियम एकदाच, एकाच ठिकाणी लिहावा व बटन त्यास बांधावे. नोंद बदलली की ती आपण होऊन तसे कळविते, आणि बटन आपले रूप बदलते. यासच डेटा बाइंडिंग म्हणतात.

ही कल्पना आजची नव्हे. 1979 साली ट्रिग्वे रीन्सकाउग या नॉर्वेच्या संशोधकाने अमेरिकेतील झेरॉक्सच्या संशोधनशाळेत असताना माहिती व तिचे पडद्यावरील रूप वेगळे ठेवण्याची पद्धत मांडली. त्याच वर्षी निघालेल्या व्हिजिकॅल्क या हिशेबाच्या प्रोग्रामात एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेली बेरीज आपोआप बदलत असे. मायक्रोसॉफ्टने 2006 साली डब्ल्यूपीएफ ही साधने दिली, तेव्हा विंडोजवरील प्रोग्रामांत अशा बांधणीस मध्यवर्ती स्थान मिळाले. रेल्वेने तर हे तत्त्व त्याहून कितीतरी आधी ओळखले होते. इंग्लंडात जॉन सॅक्सबी याने 1856 साली सांधे व सिग्नल एकमेकांस जखडण्याच्या योजनेचे पेटंट घेतले. सांधे योग्य बसल्यावाचून गाडीस सिग्नल मिळू नये, हा त्याचा हेतू. तेथे सांधेवाल्याच्या आठवणीवर विसंबून राहत नाहीत.

कोणी म्हणेल की, अशा बांधणीने आतील व्यवहार झाकला जातो आणि नवशिक्या मुलास काहीच उमगत नाही. या आक्षेपात तथ्य आहे. डब्ल्यूपीएफमध्ये बांधणी करताना नावाचे एक अक्षर चुकले, तर प्रोग्राम बहुधा थांबत नाही. बटन मात्र मुकाट्याने अडून बसते. म्हणून पहिला धडा मुलांनी हातानेच लिहावा, कोठे विसर पडतो ते पाहावे, आणि दुसऱ्या धड्यापासून बांधणीचा अवलंब करावा.

तथापि एक मर्यादा विसरता कामा नये. बांधणीमुळे पडदा नोंदीशी जुळतो. नोंद वस्तुस्थितीशी जुळेलच असे नाही. आपणा महाड-पोलादपूरकरांस हे निराळे सांगावयास नको. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरील सावित्रीचा जुना ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. पूल नाहीसा झाला, पण रस्ता येणाऱ्यांस खुलाच दिसत राहिला. आणि दोन एस. टी. गाड्या व इतर वाहने प्रवाशांसह नदीत गेली. पुलाच्या अवस्थेशी वाटेची अवस्था बांधणारे तेथे काहीच नव्हते. 2017 च्या जूनमध्ये नवा पूल खुला झाला; गेलेली माणसे परत आली नाहीत. हरवलेल्या पुस्तकाची नोंदच कोणी केली नाही, तर उत्तमोत्तम बांधणीही खोटेच बटन दाखवील, हे याच जातीचे आहे. फरक एवढाच की, ग्रंथालयात एक फेरी फुकट जाते आणि घाटाच्या पायथ्याशी प्राण जातात.

आपली मुले उद्या कचेऱ्यांचे, दवाखान्यांचे आणि कदाचित धरणांचेही प्रोग्राम लिहितील. त्या पडद्यांसमोर बसणारा मनुष्य ठळक बटनावर विश्वास ठेवील. म्हणून पालकांस विनंती की, मुलाने केलेला प्रोग्राम पाहताना नुसते रंगरूप पाहून शाबासकी देऊ नये. दोन प्रश्न अवश्य विचारावे : ‘बाळ, या बटनाचा नियम तू किती ठिकाणी लिहिला आहेस?’ आणि ‘ज्या नोंदीवर ते अवलंबून आहे, ती खरी आहे हे कोण पाहतो?’ पहिल्याचे उत्तर ‘एकाच ठिकाणी’ असे आले आणि दुसऱ्याचे उत्तर देताना मूल क्षणभर विचारात पडले, तर शिक्षण योग्य मार्गावर आहे असे खुशाल समजावे.